शोधाचं कारण

धाकटीचं लग्न ठरलं आणि थोरलीच्या पोटात दुखू लागलं. नवरा मुलगा आधी थोरलीच्या ओळखीचा होता. त्याच्या नावावर अटकेचं वॉरंट सापडलं तर लग्न मोडेल, म्हणून ती कोर्टातल्या नोंदींच्या खिडकीवर गेली.

"त्यांचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि शोधाचं कारण लिहा," कारकून म्हणाला.

तिने कारण लिहिलं, 'बहिणीची काळजी'.

कारकुनाने अर्ज वाचून परत सरकवला. "बाई, असलं कारण चालत नाही."

कागदावर तिच्याच अक्षरात होतं, 'तो मला हवा होता'.

तिने दुसरा अर्ज एकेक अक्षर बघत लिहिला. शाई वाळली तसं तिथेही तेच उमटलं. दोन्ही कागद तिने मुठीत चुरगळले.

तेवढ्यात धाकटीचा फोन आला.

"ताई, कोर्टाचा माणूस आत्ताच एक अर्ज देऊन गेला. अक्षर तुझंच आहे ना गं?"