कपाटामागची डबी

महिनाभर मी ट्रम्पेटलाच शिव्या घालत होतो. तोंडाला सारखी कोरड, ओठ माउथपीसला चिकटायचे आणि वरचा सूर लागता लागता फाटायचा. तीन माउथपीस बदलले, काडीचाही फरक नाही. बँडमास्तर म्हणाले, "वय झालं तुमचं." मी? वय? मग माझा संशय नव्या प्रेशरच्या गोळीवर गेला. डबी घेऊन मी तडक डॉक्टरांकडे गेलो.

"त्या गोळीने कोरड नाही पडत हो," म्हणत त्यांनी डबी उघडली आणि गोळी उजेडात धरली. "पण ही मी दिलेलीच नाही. ही नैराश्यावरची आहे. हिने मात्र पडते कोरड. कुठून आणलीत?"

"आणतोय कशाला? माझी डबी हरवली होती, ती कपाटामागे सापडली. हीच."

"घरात आणखी कोण असतं?"

"बायको. पण तिला काय धाड भरलीये? दिवसभर हसत असते. माझा सूर फाटला तरी पहिली टाळी तिचीच!"

डॉक्टरांनी डबी बंद करून माझ्या हातात दिली. मला काही उमजेना. मी डबीकडे बघत बसलो. तेव्हा आठवलं, गेला महिनाभर ती अधूनमधून मला विचारते आहे, "अहो, माझी एक छोटी डबी पाहिलीत का?"

"कसली?" म्हटलं की हसते.

"काही नाही. पिनांची."