पुढच्या एप्रिलचं दप्तर

"रिझर्व्ह करू की प्री-ऑर्डर?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

कोतोनेचा पाय मघापासून नुसता हलत होता. धाकट्या भावाची, रेन्तारोची शाळा सुरू होणार पुढच्या एप्रिलात, पण चांगली दप्तरं आदल्या वर्षीच्या मे महिन्यातच संपतात. म्हणून आजोबा दवाखान्यातून तडक तिला घेऊन इथे आले होते. डॉक्टर काय म्हणाले, ते मात्र सांगायला तयार नव्हते.

"रिझर्व्हच करा, आजोबा," ती म्हणाली. "फुकट राखून ठेवतात. मार्चमध्ये तुम्ही यायचं, पटलं तर न्यायचं. त्या माकडाचा काय भरवसा? काल निळं हवं होतं, आज तपकिरी."

"आणि ते दुसरं?"

"त्यात पैसे आत्ताच भरायचे. मग रंग बदलायचा नाही. तुम्हाला कुठलं जमायला? तुम्ही साधा मुळा घेतानासुद्धा चार दुकानं फिरता."

आजोबा हसले. मग हळूच म्हणाले, "त्यात मार्चमध्ये मला यावं लागतं का गं?"

"छे, ते आपोआप घरी येतं."

आजोबांनी पाकीट काढलं.

"मग तेच."

कोतोनेचा पाय हलायचा थांबला.