मागचा आवाज

रेग्यांकडे एकतीस कॅसेट होत्या, सगळ्या एकाच गायिकेच्या. बाई गेल्या; बत्तिसावी आता येणार नव्हती. रिकामं घर संध्याकाळी खायला उठे.

सोळाव्या कॅसेटवर बाईंना गाता गाता ठसका लागतो आणि मागून दुसराच आवाज नऊ सेकंद गाणं सावरतो. ती जागा रेगे नेहमी कॅसेट पुढे पळवून टाळत. आज त्यांनी ती सहा वेळा ऐकली.

"कोण हो ही?" त्यांनी कॅसेटवाल्याला विचारलं.

"तंबोऱ्यावरच्या शिष्येचं नाव कोण छापतंय, काका? मिरजेत असते, या रविवारी तिथंच गाणं आहे तिचं. पण बाईंसारखा ख्याल नाही हं, ठुमरी गाते."

"ठुमरी!" रेग्यांनी नाक मुरडलं, आणि रविवारी मिरजेची एसटी धरली.

त्यांना धरून श्रोते बारा होते. ती दोन तास गायली. मध्यंतरानंतर रेगे नवव्या रांगेतून पहिल्या रांगेत आले.