एका गोधडीत तिघं

पौलसला पहिलीतच आश्रमशाळेत टाकून आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले होते. आपलं लेकरू असं कुठं टाकायचं नाही, हे त्यानं लग्नाआधीच ठरवलं होतं. आता नवापुरात तो बँकेत आहे आणि बायको दवाखान्यात नर्स. लेकीला, प्रिस्किलाला, स्वतःची खोली आहे, स्वतःचा पलंग आहे. शाळेतून आली की तीच कुलूप उघडते आणि दिवेलागणीपर्यंत टीव्ही लावून बसते.

आज जेवताना ती तोंड पाडून बसली, तेव्हा पौलस चिडला. "तुला काय कमी आहे गं? आश्रमशाळेत आम्ही पोरं थंडीत एका गोधडीत तिघं झोपायचो."

प्रिस्किलाचा घास हातातच राहिला.



"पप्पा, मला पण तिथंच टाका ना."