शिंपल्यांचा प्रबंध

वर्षभरात कुणीच न वाचलेला दस्तऐवज ई-ग्रंथालयातून आपोआप पुसला जाई. साठवणीला वीज पुरेनाशी झाल्यापासून तसा नियमच होता. म्हणून दामोदर खोब्रागडे दर वर्षी येत आणि आपल्या दिवंगत लेकीचा नदीतल्या शिंपल्यांवरचा प्रबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत.

"काका, समजतं का सगळं?" ग्रंथपाल सुनेत्राने एकदा विचारलं होतं.

"नाही गं बाई. पण वाक्यं तिची आहेत ना."

यंदा काका आले नाहीत. तिने फोन लावला, तेव्हा ते वारल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. प्रबंधाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती आणि कर्मचाऱ्यांचं वाचन नियमात धरलं जात नसे. सुनेत्राने रजा टाकली, वाचकांच्या रांगेत उभी राहिली आणि काकांच्या नेहमीच्या खुर्चीत बसून भराभर पानं सरकवत शेवटाला पोचली.

"नोंद झाली मॅडम, वाचला प्रबंध," काउंटरवरचा विलास म्हणाला. "आता घरी जा."



"मी नुसती पानं सरकवली रे," ती म्हणाली आणि पहिलं पान उघडून हलक्या आवाजात वाचू लागली.