आदल्या दिवसावर

“मुलगा गेला ना, त्याच्या आदल्या दिवसावर नेऊन ठेवा,” मावशींनी पुन्हा बजावलं. मुलाचा कॉम्प्युटर तीन वर्षं मागे न्यायचा, एवढंच काम. पण दरवेळी शेवटी घोडं अडायचं आणि पडद्यावर उमटायचं, ‘सिस्टिम रिस्टोर अयशस्वी.’ दुरुस्तीवाल्याने अँटिव्हायरस बंद केला, डिस्क तपासली; मग कपाळावर हात मारला. चार्जिंगसाठी त्याने स्वतःचाच फोन कॉम्प्युटरला जोडून ठेवला होता! फोनवरच्या फोटोत दीड वर्षाच्या लेकीला कडेवर घेऊन बायको हसत होती. “ही चिमुरडी आडवी येत होती होय!” म्हणत त्याने वायर उपसली. या खेपेला रिस्टोर बिनबोभाट पार पडलं. मुलाच्या तीन वर्षं कुलूपबंद असलेल्या खोलीतून पेंगुळलेला आवाज आला, “आई, चहा टाक ना!” मावशी किल्ली घेऊन धावल्या. दुरुस्तीवाल्याने फोन पाहिला. बायको तशीच हसत होती, हात तसाच दुमडलेला. कडेवर कुणीच नव्हतं.