एकाच प्लगची खोली

सरका पुढे, मायबापहो, दारात ताटकळू नका. देवाचं नाव घेऊन एक गोष्ट सांगतो. लहान आहे, पण जड आहे.

इंटरनेटवाल्याने खिडकीतून वायर आत घेतली. राउटर त्याने आधीच बाहेरच्या खोलीत चालू करून, नाव-पासवर्ड घालून तयार ठेवला होता. घरातल्या म्हातारीच्या लेकीच्या फोनातही पासवर्ड टाकून दिला होता. आता म्हातारीच्या पलंगाशी राउटर ठेवून त्याला वायर जोडली, त्याची पिन घेऊन भिंतीकडे वळला आणि थबकला. खोलीत प्लग एकच, आणि त्यात म्हातारीचं ऑक्सिजनचं मशीन.

"थांबा ताई, खालच्या दुकानातून एक्स्टेन्शन आणतो. तोवर कशाला हात लावू नका," म्हणत तो जिना उतरला.

लेकीचा भाऊ आज नोकरीवर जहाजात चढणार होता. एकदा जहाज सुटलं की कित्येक महिने तोंड दिसायचं नाही, आणि आईकडे तेवढे महिने नाहीत हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलेलं. या खोलीत फोनवर आवाज यायचा, चेहरा मात्र फुटका, चौकोनाचौकोनांचा. म्हणून तर भावाने तिकडे लांब बसून हे कनेक्शन घेतलं होतं.

फोन वाजला. "ताई, झालं का? इथे हाका मारतायत गं मला."

"जरा कळ काढ रे."

आईने नाकातली नळी स्वतःच खाली ओढली. "ते काढ. त्याचं लाव."

"वेडबीड लागलंय का तुला?"

"रोज अंग पुसताना काढतेसच की. तेव्हा कुठे मरते मी?" आई हसली. "जन्मभर पोटाला चिमटा घेतला, आता घटकाभर श्वासाला घेते."

रोज काढायची, हे खरं. लेकीने मशीनची पिन उपसली. घरघर थांबली. राउटरची पिन खुपसली.

राउटरला जागं व्हायला वेळ लागतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. लाल दिवा नुसता लुकलुकत राहिला. आईची छाती भात्यासारखी उडू लागली. लेकीचा हात प्लगकडे गेला, तसं आईने तिचं मनगट धरलं. त्या काटकुळ्या बोटांत एवढा जोर कुठून आला, देव जाणे.

"थांब. येतोय," आई ओठांनीच म्हणाली.

दिवा हिरवा झाला तेव्हा मनगटावरची पकड सुटली होती. आईसमोर धरलेल्या फोनवर भाऊ उमटला, अख्खा, दाढीच्या खुंटांसकट. लेकीने दुसऱ्या हाताची बोटं आईच्या नाकाशी धरली. बोटांना काही लागलं नाही.

"काय स्वच्छ दिसतंय गं! आई झोपली होय? राहू दे, उठवू नकोस. किती दिवसांनी अशी शांत दिसतेय."

इंटरनेटवाला एक्स्टेन्शन घेऊन दारात पोचला होता. लेकीने त्याला बोटानेच गप्प केलं. हातातला फोन तिने तसूभरही हलू दिला नाही.

"हो, आत्ताच डोळा लागला. जा तू, जपून जा."

देवापुढे हात जोडाल, मायबापहो, तेव्हा त्या आईची आठवण आपसूक येईल. लेकीची मात्र ठेवा.